पॉइंट टू-टू (.२२) रायफल मध्येच मिसफायर देते: हलका ठोका कुठून येतो, तो कसा शोधायचा

ट्रिगर सुटतो, 'टक्' असा आवाज येतो, पण राउंड (काडतूस) वाजत नाही. बोल्टचा दांडा उचलून पुन्हा खाली केला की तोच राउंड वाजतो. पुढचे बरेच राउंड नीट जातात आणि मग, अगदी श्वास जमलेला असताना, पुन्हा एक अडतो. ५० मीटर रायफल मारणाऱ्यांकडून ही तक्रार वारंवार येते. तिच्यावरचा सल्लाही ठरलेला असतो: काडतुसांचा लॉट (एकत्र बनलेला गट) बदला, नाहीतर स्प्रिंग बदला. लॉट बदलणं महाग पडतं, बाहेरून स्प्रिंग मागवायला वेळ जातो, आणि पुष्कळदा दोन्ही करूनही मिसफायर तसाच राहतो. दोष कुठे आहे ते पाहण्याआधीच इलाज सुरू झालेला असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की एकही स्क्रू हलवण्याआधी न वाजलेल्या राउंडच्या रिमवरचा (तळाच्या कडेवरचा) ठसा वाचा. निम्म्याहून अधिक उत्तर तिथेच असतं. हे मी मुख्यतः क्लबच्या रायफलवर सराव करणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या प्रशिक्षकांसाठी लिहितो आहे. आन्शुट्झ १९०७ किंवा १९१३, वॉल्थर केके३००, फाइनवेर्कबाउ २७०० किंवा त्याहून जुनं एखादं मॉडेल, जे अनेक हातांतून गेलेलं असतं आणि ज्याची शेवटची पूर्ण साफसफाई कोणी केली ते कोणालाच आठवत नाही. अशा रायफलवर एखाद्या मुलाचे गुण घसरले की त्याला 'तुझा फॉलो-थ्रू (शॉट सुटल्यावरही स्थिर राहणं) कच्चा आहे' असं ऐकवलं जातं. कधी कधी तो कच्चा नसतोच, दोष बोल्टमध्ये असतो.

आधी तीस सेकंद

राउंड वाजला नाही की नळी टार्गेटच्या दिशेलाच ठेवायची, बोट ट्रिगरवरून काढायचं आणि किमान ३० सेकंद थांबायचं. क्वचित एखादा राउंड उशिरा पेटतो. त्या वेळी बोल्ट उघडा असेल तर पितळी केस फाटून तुकडे आणि गरम वायू तोंडाकडे येतात. घाईत लगेच दांडा उचलणारी मुलं मी रेंजवर नेहमी पाहतो, आणि दर वेळी पोटात गोळा येतो. प्रशिक्षकांनी ही सवय पहिल्या आठवड्यातच मोडायला हवी.

दुसरी गोष्ट. नेहमीच्या आवाजाऐवजी 'फुस्स' किंवा दबका 'पॉप' आला तर तो मिसफायर समजू नका. शिसं (गोळी) नळीत अडकलेलं असू शकतं. बोल्ट काढून मागच्या बाजूने नळी आरपार दिसते का ते पाहिल्याशिवाय पुढचा राउंड भरायचा नाही.

खाली सांगितलेल्या तपासण्यांपैकी जिवंत राउंडच्या सगळ्या तपासण्या रेंजवर, रेंज ऑफिसरला सांगूनच करायच्या. बोल्ट उघडणं, साफ करणं, मोजणं ही कामं राउंड दुसऱ्या खोलीत ठेवून.

रिम पेटते कशी

पॉइंट टू-टूच्या केसला मध्यभागी वेगळी टोपी नसते. पेट घेणारं मिश्रण ओलं असताना केसच्या तळाशी घालतात, केस गरगर फिरवून ते रिमच्या आतल्या पोकळीत पसरवतात आणि मग वाळवतात. फायरिंग पिन रिमवर आदळते तेव्हा रिमचा पातळ पत्रा पिन आणि बॅरलच्या मागच्या कडेच्या मध्ये चिमटला जातो, आतलं मिश्रण चिरडतं आणि पेटतं.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, पिनला वेग हवा. दोन, रिमला पुढून टेकू हवा. रिम बॅरलच्या तोंडाला पूर्ण टेकलेली नसेल तर पिनचा जोर राउंड पुढे ढकलण्यात जातो आणि चिरडायला काही उरत नाही. 'हलका ठोका' म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे फक्त कमजोर स्प्रिंग येते. पण ठोका चांगला दणदणीत असूनही टेकूअभावी वाया जाऊ शकतो. या दोन दोषांचा माग वेगळा, इलाजही वेगळा.

मिसफायर हे या दोषाचं सगळ्यात ठळक रूप आहे, सगळ्यात नुकसान करणारं मात्र नाही. ठोका जेमतेम पुरेसा असतो तेव्हा राउंड वाजतो, पण प्रत्येक वेळी सारखा पेटत नाही, आणि शिशाचा वेग वरखाली होतो. मॅच ॲम्युनिशनचा (स्पर्धेच्या राउंडचा) वेग सेकंदाला साधारण ३२० ते ३३० मीटर असतो. त्यात १० मीटरचा फरक पडला तर ५० मीटरवर मार सुमारे ७ ते ८ मिलिमीटर खाली येतो, हे साध्या गणितानेही काढता येतं. ५० मीटर रायफलच्या टार्गेटवर १० चं वर्तुळच १०.४ मिलिमीटर व्यासाचं आहे. म्हणजे मधोमध जाणारा शॉट घसरून जेमतेम १०.० वर येतो, आणि मुळात थोडा खाली असलेला शॉट ९ मध्ये जातो. स्वप्नील कुसळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं ते ४५१.४ गुणांवर. ज्या फायनलमध्ये दशांश मोजले जातात तिथे असा एक खाली गेलेला शॉट किती महाग पडतो हे सांगायला नको. म्हणून ग्रुप (टार्गेटवरच्या शॉटचा पुंजका) उभा लांबट होऊ लागला, वाऱ्याने तो आडवा पसरत नसून विनाकारण खालीच पडत असेल, तर मिसफायरची वाट न पाहता पुढची तपासणी सुरू करा.

ठसा वाचणं

न वाजलेला राउंड फेकू नका. एका छोट्या डबीत वेगळा ठेवा, शेजारी त्याच लॉटचे, त्याच दिवशी वाजलेले चार-पाच रिकामे केस ठेवा. मग चांगल्या उजेडात, साध्या भिंगातून दोन्ही ठसे पाहा. वाजलेल्या केसवरचा ठसा आतल्या दाबाने थोडा उथळ आणि सपाट झालेला असतो, हे लक्षात ठेवून तुलना करायची. त्यामुळे न वाजलेल्या राउंडचा ठसा वाजलेल्याहून उथळ दिसत असेल तर ठोका नक्की हलका होता. तिथे वादाला जागा नाही.

ठसा खोल, स्वच्छ कडांचा आणि रिमच्या काठापर्यंत पोचलेला असेल तर रायफलने आपलं काम केलेलं आहे. त्या जागी रिममध्ये मिश्रण पोचलंच नसावं. खात्री करायची असेल तर रेंजवर, वाट पाहून झाल्यावर, राउंड बाहेर काढून अर्धा फिरवून पुन्हा भरायचा. दुसऱ्या बाजूच्या ठोक्याने वाजला तर दोष त्या राउंडचा. शिसं केसमध्ये हलत असेल किंवा रिमला चीर दिसत असेल तर मात्र हा प्रयोग करायचा नाही. आणि दोनदा ठोका देऊन वाजला नाही तर तिसऱ्यांदा देऊ नका, राउंड रेंजच्या आर्मरीत जमा करा. ही फिरवण्याची चाचणी खोल ठशालाच लागू आहे. ठसा उथळ असताना राउंड फिरवून वाजला तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. बरेच जण इथेच फसतात आणि चांगल्या लॉटला नावं ठेवतात.

ठसा उथळ आहे, पण राउंड न काढता नुसता दांडा उचलून खाली केला आणि त्याच जागच्या दुसऱ्या ठोक्याने वाजला, तर दोन शक्यता उरतात: पिनला वेग कमी मिळतो, किंवा राउंड आधी पूर्ण बसलेला नव्हता आणि पहिल्या ठोक्याने तो बसला. दोन्हींतला फरक अंगठ्याला कळतो. राउंड हाताने चेंबरमध्ये, म्हणजे तो बसतो त्या बॅरलच्या मागच्या भागात, ढकलून पाहा. मॅच चेंबर घट्ट असतं, शेवटी शिसं रायफलिंगला (नळीतल्या पिळदार खाचांना) टेकतं, त्यामुळे थोडा प्रतिकार येणारच. पण तो दर वेळी सारखा हवा. एखादा राउंड सहज जातो आणि एखादा अडतो, किंवा चाळीस-पन्नास राउंडनंतर बोल्ट बंद करायला जोर वाढतो, तर आधी चेंबरकडे वळा. प्रतिकार सारखाच असेल तर बोल्ट उघडायची वेळ आली आहे.

तिसरा प्रकार म्हणजे ठसा कधी खोल, कधी उथळ, कधी तिरपा. हा सगळ्यात त्रासदायक. यात पिन कुठेतरी घासते आहे असा संशय घ्यायचा. त्याबद्दल पुढे.

बोल्टमधलं तेल

माझ्या अनुभवात क्लबच्या रायफलींमध्ये सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण हेच आहे. शिवाय ते फुकटात दूर होतं, म्हणून इथे जरा थांबतो.

पावसाळ्यात मुंबईला, कोकणात, गोव्यात लोखंडावर एका रात्रीत तांबूस झाक येते. वरळीच्या रेंजसारख्या समुद्राला लागून असलेल्या जागी तर हवाच खारट. म्हणून नेमबाज काळजीपोटी बोल्टवर गंज न लागणारं तेल फवारतात. फवारा फटींमधून आत जातो, स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये बसतो. दुसरीकडे दांडा हलका उचलला जावा म्हणून कॉकिंगच्या (पिन मागे ओढून ताणण्याच्या) उतारावर ग्रीस लावलेलं असतं. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात ते पातळ होऊन आत उतरतं. त्यात जळलेल्या पावडरीची काजळी आणि पितळेचा बारीक चुरा मिसळतो. काही महिन्यांनी पिनच्या भोवती काळसर चिकट लेप तयार होतो.

महाराष्ट्राच्या हवेत हा लेप मऊ राहतो आणि रायफल चालत राहते. मग हाच नेमबाज डिसेंबरमध्ये एखाद्या स्पर्धेला दिल्लीत तुघलकाबादच्या कर्णी सिंग रेंजवर जातो. सकाळची पहिली डिटेल (नेमबाजांची पहिली तुकडी), बोटं गारठलेली, आणि खोबरेल तेल हिवाळ्यात बाटलीत थिजतं तसा तो लेप बोल्टमध्ये घट्ट झालेला. पिन सुटते, पण तिचा वेग मरतो. पहिल्या दोन-तीन राउंडपैकी एखादा मिसफायर, मग ऊन वर आल्यावर सगळं ठीक. 'दिल्लीत राउंड थंडीने खराब झाले' असं ठरवून मुलं परत येतात. सकाळी मिसफायर आणि दुपारी नाही, हे लक्षण दिसलं की राउंडवर संशय घेण्याआधी बोल्ट उघडायचा.

बोल्ट उघडण्याची रीत मॉडेलप्रमाणे बदलते, म्हणून त्या रायफलचं मॅन्युअल समोर ठेवूनच हात घाला. काही बोल्टमध्ये मागची टोपी सुटताच स्प्रिंग जोरात बाहेर येते. डोळ्यांवर चष्मा हवा आणि खाली जुनी चादर, म्हणजे उडालेला बारीक भाग हरवत नाही. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढत चला. सुटे झालेले भाग कोणत्या क्रमाने, कोणत्या तोंडाने बसले होते हे फोटोवरून परत लावता येतं.

पिन, स्प्रिंग आणि बोल्टची आतली नळी तेल कापणाऱ्या द्रवाने धुवा. आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा व्हाइट स्पिरिट चालतं. खिडकी उघडी आणि आसपास विस्तव नको. नळीच्या आत कापसाची काडी किंवा पॅच (कापडाचा तुकडा) फिरवून ती स्वच्छ बाहेर येईपर्यंत पुसा. स्प्रिंग वेटोळ्यावेटोळ्यातून दात घासायच्या जुन्या ब्रशने घासा. ज्या खाचेत पिनचं टोक पुढे येतं तिथला कोपरा विसरू नका. तिथे काजळीचा घट्ट थर बसून पिनला पूर्ण पुढे येऊ देत नाही, आणि तो नुसत्या पुसण्याने निघत नाही. लाकडी दातकोरणीने उकरावा लागतो, लोखंडी सुईने नको.

पूर्ण वाळल्यावर पिन आणि स्प्रिंगला अगदी पातळ तेलाचा हात लावायचा, म्हणजे तेल लावलेलं फडकं फिरवायचं आणि मग कोरड्या फडक्याने पुसून टाकायचं. हाताला ओलं लागलं तर ते जास्त झालं. ग्रीस फक्त कॉकिंगच्या उतारावर आणि लॉकिंग लगवर (बोल्ट बंद धरणाऱ्या खुंट्यांवर), तेही तांदळाच्या दाण्याएवढं. पावसाळ्यात गंजाची भीती असेल तर बाहेरून पुसा, सिलिका जेलच्या पुड्या रायफलच्या पेटीत ठेवा, पण आत फवारू नका.

पिन आणि स्प्रिंग हातात असतानाच त्यांच्यावर घासल्याच्या चकचकीत रेषा आहेत का ते पाहा. एकाच बाजूला लांब रेष असेल तर स्प्रिंग वाकली आहे किंवा पिन तिरपी धावते आहे. कधी खोल तर कधी उथळ ठसा उमटण्याचं कारण बहुधा हेच निघतं.

चेंबरचं तोंड

मॅच राउंडच्या शिशावर मेणासारखं वंगण असतं. ते चेंबरच्या कडेला खरवडून निघतं आणि काजळीत मिसळून रिम टेकण्याच्या जागी साचतं. शिवाय चेंबर संपून रायफलिंग सुरू होतं तिथे जळालेल्या अवशेषांचं कडक कडं तयार होतं. नळीतून पॅच ओढला तर तो स्वच्छ येतो, म्हणून आपण नळी साफ समजतो, आणि कडं तसंच राहतं. राउंड त्या कड्याला अडतो, रिम जराशी मागे राहते आणि ठोक्याचा टेकू जातो.

बॅरलच्या मागच्या तोंडावर बॅटरीचा उजेड पाडून पाहा. एक्स्ट्रॅक्टरच्या (केस बाहेर ओढणाऱ्या आकड्याच्या) खाचांमध्ये आणि कडेभोवती पिवळट-काळं काही दिसलं तर नायलॉन ब्रशने काढा. कड्यासाठी ब्राँझ ब्रश सॉल्व्हंटमध्ये भिजवून फक्त चेंबरच्या पुढच्या भागात फिरवायचा, थोडा वेळ मुरू द्यायचं, मग पॅच. रॉड नेहमी मागून, बोअर गाइड (रॉड सरळ ठेवणारी नळी) लावून घालायचा. सॉल्व्हंट ट्रिगरमध्ये उतरू नये म्हणून रायफल नळीकडे थोडी उतरती ठेवा. ट्रिगरमध्ये गेलेलं सॉल्व्हंट नवंच दुखणं सुरू करतं.

स्प्रिंग

बोल्ट स्वच्छ, चेंबर स्वच्छ, तरी ठसा उथळ. आता स्प्रिंग. ती लाखो वेळा दबलेली असते, त्यात ड्राय फायरचे (राउंड न भरता ट्रिगर दाबण्याचे) ठोकेही धरा. नवी स्प्रिंग शेजारी ठेवली तर थकलेली स्प्रिंग आखूड दिसते. म्हणून माझा आग्रह आहे की नवी स्प्रिंग घालतानाच तिची मोकळी लांबी व्हर्नियरने मोजून रायफलच्या नोंदवहीत तारखेसह लिहावी. पुढच्या वर्षी तुलना करायला काहीतरी असतं.

जुनी स्प्रिंग ताणून लांब करणं हा उपाय नाही, ती थोड्याच दिवसांत पुन्हा बसते. स्प्रिंगमागे वॉशर घालणं त्याहून वाईट. वेटोळी आधीच एकमेकांना टेकली तर बोल्ट पूर्ण कॉक होत नाही. 'जास्त कडक स्प्रिंग घाला' हा सल्लाही ऐकू नका. पिन सुटताना रायफल जास्त हादरते, पिनचं टोक आणि चेंबरची कड लवकर झिजते. कंपनीने त्या मॉडेलसाठी दिलेली स्प्रिंग घाला आणि रायफल ठेवताना बोल्ट कॉक केलेला ठेवू नका.

पिनचं टोक आणि चेंबरची कड

ड्राय फायर हा आपल्या खेळाचा पाया आहे, तो थांबवा असं मी म्हणणार नाही. पण रिमफायरमध्ये पिनसमोर रिम नसेल तर काही रायफलींत ती थेट बॅरलच्या कडेवर आदळते. काही मॉडेलना ड्राय फायरची वेगळी सोय किंवा वेगळी पिन असते. ती नसेल तर स्नॅप कॅप (सरावाचा नकली राउंड) किंवा रिकामा केस वापरा, आणि ठसे एकाच जागी पडू नयेत म्हणून तो थोडा थोडा फिरवत राहा. खूप ठोके खाल्लेला केस बदलायचा.

जुन्या क्लब रायफलीत ही काळजी घेतलेली नसते. मग पिनचं टोक गोलसर होतं किंवा त्याचा टवका उडतो, आणि ठसा पसरट, कडा नसलेला उमटतो. बॅरलच्या कडेवर पिन जिथे आदळते तिथे खळगा पडतो आणि धातू चेंबरच्या आत सरकून बारीक उंचवटा होतो. राउंड त्या उंचवट्याला घासतो, केसवर लांब ओरखडा उठतो, केस निघतानाही अडतो. आणि नेमका जिथे टेकू हवा तिथेच कड खचलेली असल्याने ठोका पोकळीवर पडतो. नखाने कड चाचपली तरी हा दोष लागतो.

पिन बदलता येते. कड दुरुस्त करणं हे मात्र आर्मररचं (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याचं) काम. त्यासाठी चेंबरच्या मापाचं खास दाबयंत्र असतं, जे सरकलेला धातू परत जागी बसवतं. घरी कानस किंवा सँडपेपर लावला तर चेंबर मोठं होतं आणि बॅरल कायमची जाते.

दांडा आणि ट्रिगर

या दोन गोष्टी राहून जातात, कारण त्या बोल्ट वेगळा काढून पाहिला तर दिसतच नाहीत.

बोल्टचा दांडा पूर्ण खाली गेला नाही तर पिन पुढे धावताना तिचा काही जोर दांडा खाली ओढण्यातच खर्च होतो. ठोका पडताना दांडा किंचित हलतो का ते ड्राय फायर करताना दुसऱ्या माणसाला पाहायला सांगा. नवा चीकपीस (गाल टेकायचा भाग), बदललेला ॲल्युमिनियम स्टॉक, जाडसर दस्ताना, किंवा स्टॉकच्या खाचेत अडकलेला कचरा, यांपैकी काहीही दांड्याला शेवटच्या मिलिमीटरमध्ये अडवतं. दांड्याखाली पातळ कागद सरकवून पाहा, तो दाबला जाता कामा नये. घाईत बोल्ट अर्धवट बंद करण्याची सवय हेही कारण असतं. नीलिंगमध्ये (गुडघ्यावर बसून) मिसफायर आणि प्रोनमध्ये (पालथं पडून) नाही, असं असेल तर रायफलइतकंच हाताच्या हालचालीकडे पाहा.

ट्रिगरचं म्हणाल, तर मॅच ट्रिगरमध्ये सुटल्यानंतर बोट किती पुढे जावं ते थांबवणारा स्क्रू असतो. नेमबाजाला ट्रिगर सुटताच थांबलेला आवडतो, म्हणून तो स्क्रू फार आत फिरवला जातो. मग सिअर (पिनला अडवून धरणारा तुकडा) पूर्ण खाली पडत नाही, आणि पिनचा मागचा भाग त्याच्या माथ्यावरून घासत पुढे जातो. ट्रिगरची सेटिंग बदलल्यानंतर काही दिवसांत मिसफायर सुरू झाले असतील तर पहिला संशय इथेच घ्या. कॉकिंग पीसच्या (पिनच्या मागच्या भागाच्या) खालच्या बाजूला ताजी चकाकती रेष दिसते. स्क्रू थोडा मागे घ्या आणि पुन्हा ठसे तुलनेत पाहा.

आणि मग राउंड

इतकं सगळं नीट असेल तरच लॉट बदलायचा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या रिमची जाडी आणि पत्र्याचा कडकपणा सारखा नसतो, त्यामुळे एका कंपनीचे राउंड रायफल मुकाट्याने चालवते आणि दुसऱ्याचे अडवते. पातळ रिम असली की बोल्ट आणि रिममध्ये फट वाढते. दोन्ही राउंड चांगले असू शकतात, रायफल काठावर असते, आणि जाड रिमचे राउंड तो काठ झाकून टाकतात. 'अमुक राउंडने मिसफायर थांबले' ही म्हणूनच दुरुस्ती नव्हे.

साठवणुकीचं मात्र मनावर घ्या. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत राउंड ठेवू नका. वंगण वितळून केसवर ओघळतं आणि तेच चेंबरमध्ये साचतं. पावसाळ्यात खोके उघडे ठेवू नका, आणि राउंडना तेलाचा हात लागू देऊ नका.

तुमची रायफल सेंटरफायर (राउंडच्या मध्यभागी टोपी असलेली) असेल तर वरचं बोल्ट, स्प्रिंग, दांडा आणि ट्रिगरबद्दलचं सगळं लागू आहे. टेकूचा प्रश्न तिथे केसच्या खांद्यावर किंवा प्राइमरच्या (त्या टोपीच्या) बसण्यावर येतो. परदेशात राहून स्वतः राउंड भरणाऱ्यांनी प्राइमर तळाला टेकलाय का आणि साइझिंग करताना (केस पुन्हा मापात आणताना) खांदा फार मागे गेलाय का, हे दोन आधी तपासावं. पहिल्या ठोक्याने न वाजून दुसऱ्याने वाजणारा राउंड बहुधा अर्धवट बसलेल्या प्राइमरचा असतो.

आर्मररकडे जाताना

एका वेळी एकच बदल करायचा आणि त्यानंतर त्याच लॉटचे किमान दोन खोके मारून पाहायचं. साफसफाई, नवी स्प्रिंग आणि नवा लॉट एकाच दिवशी केले तर रायफल बरी होईल, पण कशाने हे कळणार नाही, आणि सहा महिन्यांनी तेच दुखणं परत आलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आर्मररला नुसतं 'मिसफायर देते' असं सांगू नका. मिसफायर थंडीत होतो की उन्हात, पहिल्या राउंडना की शंभराव्या, कोणत्या पोझिशनमध्ये, दुसऱ्या ठोक्याने वाजतो का, शेवटचा बदल काय केला होता, हे लिहून न्या. ठशांचे जवळून काढलेले फोटो आणि रिकामे केस सोबत ठेवा. आर्मरर परवानाधारक आहे ना तेही पाहा. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार शस्त्रदुरुस्तीचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही. ओळखीच्या लेथवाल्याकडे पिन घासून घेणं कितीही स्वस्त वाटलं तरी ते टाळा.

क्लबमध्ये एकाच मॉडेलच्या तीन-चार रायफली असतील तर एक पिन, दोन स्प्रिंगा आणि एक एक्स्ट्रॅक्टर असा संच सामाईक खर्चाने आणून ठेवावा. स्पर्धेला जाताना तो संघाच्या पेटीत हवा. अदलाबदल करून पाहायलाही तो उपयोगी पडतो: संशय असलेल्या बोल्टमध्ये नवी स्प्रिंग घातली आणि ठसा तितकाच उथळ राहिला, तर स्प्रिंग निर्दोष आहे हे दहा मिनिटांत कळतं. एका रायफलचा अख्खा बोल्ट दुसरीत घालून मात्र जिवंत राउंड मारू नका. बोल्ट आणि बॅरलमधली फट त्या जोडीसाठी जुळवलेली असते.

स्पर्धेत मिसफायर झालाच तर नळी टार्गेटकडे ठेवून हात वर करा आणि रेंज ऑफिसरला बोलवा. फायरिंग पॉइंटवर बोल्ट उघडायला बसू नका. ३० सेकंद थांबा, राउंड बदला, त्या राउंडवर पेनने खूण करून तो वेगळा ठेवा आणि पुढचा शॉट पूर्ण वेळ घेऊन मारा.